आईच्या फोनमधले जावई

धाकटीला संध्याकाळी खोकला सुरू झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या नवऱ्याचा आईला फोन आला, की तिला ज्येष्ठमध उगाळून द्या, घसा मोकळा होईल. आम्ही तिघी भिलाईत, हुडको कॉलनीतल्या आमच्या घरात होतो. तो नागपुरात होता. मधल्या वेळात आमच्याकडे कुणी आलं नव्हतं, आम्ही कुणाशी बोललो नव्हतो, आणि खोकला काही नागपूरपर्यंत ऐकू जाण्याइतका मोठा नव्हता.

आईनं फोन ठेवला आणि खरोखरच ज्येष्ठमध शोधायला लागली. "जवाईबापूले किती काळजी हाय पाहा," ती म्हणाली. धाकटी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, आणि मला तेच बघवेना. मला आधी राग आला. माझं तसंच आहे, भीती वाटण्याआधी मला राग येतो आणि बहुतेक वेळा भीतीची पाळी येतच नाही. त्या उन्हाळ्यात मात्र भीतीची पाळी आली.

धाकटी म्हणजे माझी सख्खी लहान बहीण. लग्न होऊन नागपूरला गेली आणि काही वर्षांनी एका दुपारी एक पिशवी घेऊन परत आली. नवऱ्यानं तिला कधी मारलं नव्हतं. मारलं असतं तर लोकांना सांगायला सोपं गेलं असतं. तो दाराला बाहेरून कुलूप लावून कामावर जायचा आणि संध्याकाळी आल्यावर, ती दिवसभरात कुणाशी काय बोलली ते तिलाच सांगायचा. शांतपणे, बूट काढता काढता. सुरुवातीला तिला वाटलं, शेजारी सांगत असतील. मग वाटलं, आपणच झोपेत बडबडत असू. शेवटी एक दिवस कुलूप लावायचं राहिलं, तेव्हा तिनं आपला फोन तांदळाच्या डब्यात खुपसला आणि तशीच स्टेशनवर आली.

आल्यावर तिनं एकच गोष्ट मागितली. घटस्फोट, केस, भांडण, हे सगळं पुढचं पुढे. "ताई, मी काय करते ते त्याला कळू नये, बस," ती म्हणाली होती. मी तिला नवा फोन आणि माझ्या नावावर नवं सिम घेऊन दिलं. तो नंबर तिच्याशिवाय फक्त आईकडे आणि माझ्याकडे होता.

आमचे बाबा इथल्या स्टील प्लांटमध्ये कामाला होते. ते गेल्यापासून घरात आई आणि मी. मी हथखोजच्या एका कारखान्यात डिस्पॅचच्या टेबलावर बसते, दिवसभर कॉम्प्युटर आणि ट्रकवाल्यांशी डोकेफोड. आई मूळची भंडाऱ्याकडची. तिच्या लेखी जावई म्हणजे जावई, त्याला नाही म्हणायचं नसतं. मुलगी घर सोडून आली तरी त्याचा फोन वाजला की पदर सावरून उचलणार. मी चिडले की म्हणायची, "अवं, तो माह्यावर कावून चिडला नाही मंग? मले तर आई म्हनते." आणि तो म्हणायचाच. आवाज असा गोड, की खिशात ठेवला तर मुंग्या लागाव्यात.

खोकल्यानंतर असं होतच राहिलं. आई सांगायची, आज जावईबापू विचारत होते, कढीत मुनगा, म्हणजे शेवगा, टाकला होता का. टाकला होता. एकदा म्हणाला, ताईंना सांगा, धाकटीवर ओरडत जाऊ नका, ती हळवी आहे. आदल्या दिवशी गॅस चालू राहिला म्हणून मी तिच्यावर ओरडले होते, ते खरं. त्यानंतर धाकटीच्या नव्या नंबरवर अनोळखी फोन यायला लागले. उचलला की पलीकडे कुणी बोलायचं नाही. नुसतं कुणीतरी ऐकत असल्याचं जाणवायचं.

मी घराची झडती घेतली. हसू नका, खरंच घेतली. दिव्यांची होल्डरं उघडली, कूलरच्या मागे हात घातला, देव्हाऱ्यातला जुना फोटो काढून त्याची पाठ पाहिली. मागच्या खिडकीला जाड चादर ठोकली. समोरच्या काकू रोज सकाळी कढीपत्ता न्यायला येत, त्यांना मी सरळ विचारलं, आमच्या घरातलं तुम्ही कुणाला सांगता का. त्या म्हणाल्या, "पोरी, तुझा आवाज एवढा मोठा हाय, सांगाची गरज काय पडते?" त्यांचंही बरोबर होतं. पण गोंदियाचे पाव्हणे, दूधवाला, भांडेवाली, कुणावरही माझा संशय जायला लागला होता आणि प्रत्येकाकडे बघताना मी मनात हिशेब करायची, की याला मुनग्याचं कळलं असेल का.

घरातली हवाच बदलली. भर दुपारी, बाहेर रणरणतं ऊन, कूलरची घरघर चालू, आणि आम्ही तिघी एकमेकींशी बोलताना आवाज खाली आणायचो. मध्येच थांबायचो. वाटायचं, घरात चौथं माणूस आहे आणि ते अगदी सभ्यपणे, खुर्चीच्या कडेवर बसून, आमचं बोलणं संपायची वाट पाहतंय. मी एकदा मुद्दाम मोठ्यानं शिवी दिली, त्या न दिसणाऱ्याला. दोन दिवसांनी आई म्हणाली, "जवाईबापू विचारून राहिले होते, ताईची तब्येत बरी नाही का, फार चिडचिड करते म्हने."

मग धाकटीला नेहरू नगरच्या एका कोचिंग क्लासमध्ये काम मिळालं. लहान मुलांना गणित शिकवायचं. ती सकाळी माझ्या जुन्या स्कुटीवर गेली आणि संध्याकाळी आली ती हसतच. ओट्याजवळ उभी राहून कोणत्या मुलानं काय विचारलं ते आईला सांगत होती, खडूचे हात तसेच. कित्येक महिन्यांनी ती एवढी बोलली. तिसऱ्या दिवशी क्लासच्या मालकांनी तिला आत बोलावलं. नागपूरहून तिच्या घरच्यांचा फोन आला होता. तिच्या डोक्याचा इलाज चालू आहे, ती औषधं घेत नाही, मुलांजवळ ठेवू नका, असं सांगितलं होतं. अतिशय काळजीनं, अतिशय आदरानं. मालक म्हणाले, मॅडम, आप पहले ठीक हो जाइए.

क्लासचं नाव तिनं आमच्या स्वयंपाकघराशिवाय कुठेच घेतलं नव्हतं.

त्यानंतर धाकटी बोलेनाशी झाली. विचारलं तर मान हलवायची. ताटात काय हवं ते बोटानं दाखवायची. आई घाबरली, तिला वाटलं तो म्हणतो ते खरंच असेल काय. हे ती माझ्याजवळ बोलली आणि मी तिच्यावर जी ओरडले, ती ओरडले. मग एका रविवारी धाकटीनं माझा हात धरून बाहेर ओढलं. माझ्या हातातला फोन काढून पलंगावर ठेवला, स्वतःचाही ठेवला. मला स्कुटीवर मागे बसवून तिनं थेट हथखोज गाठलं. तिथे एका शेडमध्ये रविवारीही पत्रे ठोकणं चालू होतं. त्या आवाजात, चहाच्या टपरीमागे, ती महिनाभरात पहिल्यांदा नीट बोलली.

"ताई, घर में कुछ मत बोल. तो ऐकतो. मला माहीत आहे, तिथे पण असंच व्हायचं."

"पण कशातून? मी सगळं घर पाहिलं."

"आपण एक खोटं बोलू. किचनमध्ये. फक्त किचनमध्ये."

खोटं काय, तेही तिनंच ठरवलं. संध्याकाळी आई पोळ्या लाटत असताना आम्ही दोघी तिच्या शेजारी उभं राहून, हळू आवाजात, गोंदियाच्या मामाकडे शुक्रवारी जायचं बोललो. आई कानानं जरा कमी, त्यातून तिची भजनं चालू, तिला काही कळलं नाही. गुरुवारी दुपारी त्याचा फोन आला. आई बोलता बोलता गोंधळली. "गोंदियाले? गोंदियाले कोन जाऊन राहिलं? नाही जी, मले काही माहीत नाही," ती म्हणत होती. पलीकडून तो हसून सांगत असावा, की ऊन फार आहे, पाण्याची बाटली ठेवा. मी आणि धाकटी समोर उभ्या होतो. माझ्या हातावरचे केस उभे राहिले, दुपारच्या दोन वाजता, घामानं पाठ भिजलेली असताना.

आईनं फोन ठेवला, म्हणजे नेहमीच्या जागी ठेवला. ओट्यावर, मिठाच्या बरणीला टेकवून. सकाळी उठल्यापासून तो तिथे असायचा, भजनं लावून. ती स्वयंपाक करायची, आम्ही चहा घ्यायचो, भांडायचो, दिवसभराचं सांगायचो, सगळं त्याच्यासमोर. मी स्वतःच्या फोनच्या बाबतीत महाकटकटी आहे. टॉर्चच्या अ‍ॅपनं माझ्याकडे लोकांचे नंबर वाचायची परवानगी मागितली, तर मी त्याला चार शब्द सुनावून काढून टाकलं होतं. फोटोला फुलांची चौकट लावणाऱ्या अ‍ॅपला मी कुठे आहे ते हवं होतं, त्यालाही हाकललं. एवढी कडीकुलपं करणारी मी, आणि आईच्या फोनकडे बघितलंच नव्हतं. तो आईचा. त्यात भजनं आणि पंचांग.

मी फोन उचलला. तो गरम होता, नुसता पडून असताना. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक बारीक हिरवा ठिपका होता. भजन बंद होतं, कॉल संपला होता, तरी ठिपका होता.

फोनमधला मायक्रोफोन किंवा कॅमेरा कुणीतरी वापरतंय, एवढाच त्या ठिपक्याचा अर्थ असतो. मला तो माहीत होता. मी बोट ठेवून आईला खुणेनं विचारलं, हे काय?

"तो होय?" आई आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाली. "तो चांगला असते. जवाईबापूनं सांगतलं होतं, हिरवा दिवा असला की समजाचं, फोन तंदुरुस्त हाय."

मग मला आठवलं. धाकटी नागपुरात होती तेव्हाचा अधिक महिना, धोंड्याचं जेवण. आईनं त्याला पाटावर बसवलं, नारायण म्हणून ओवाळलं, अनारसे आणि दिवा ताटात ठेवून वाण दिलं. तो हात जोडून बसला होता, डोळे मिटून. जेवणानंतर दिवाणावर लोळत त्यानं आईचा नवा फोन मागून घेतला. अक्षरं मोठी करून दिली, भजनं भरून दिली, पासवर्ड लावून दिला. पासवर्ड त्याचा त्यानंच ठरवला. माझ्याकडे आई फोन शिकायला कधी यायची नाही, कारण मी शिकवताना ओरडते. आणि देवाच्या जागी बसवलेल्या माणसाच्या हातात फोन देताना कोण विचार करणार?

मी सेटिंग उघडलं. परवानग्यांच्या यादीत खाली, दात्यांच्या चाकासारखं करडं चित्र असलेलं एक अ‍ॅप होतं. नाव असं ठेवलेलं, की फोनचाच एखादा भाग वाटावा. त्याला सगळं उघडं होतं. आवाज, जागा, मेसेज, नंबर, फोटो. आईनं धाकटीचा नवा नंबर फोनमध्ये साठवला होता, तो त्यानं तिथूनच उचलला असणार. माझा अंगठा काढून टाकायच्या बटणावर गेला आणि धाकटीनं माझं मनगट धरलं.

परातीत कोरडी कणीक पसरलेली होती. तिनं त्यात बोटानं लिहिलं, नको. मग ते पुसून लिहिलं, त्याला कळेल.

आम्ही आईला गच्चीवर नेलं. फोन खाली, भजनं लावून. पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून धाकटीनं तिला सगळं सांगितलं. आईला अ‍ॅप, परवानगी हे काही कळलं नसेल, पण आपण रोज ज्या फोनसमोर पदर पडला तर सावरत नव्हतो, त्यात तो होता, एवढं तिला कळलं.

"मी त्याले ओवाळलं," ती म्हणाली. "माह्या घरात बसवून ओवाळलं."

मला तिची इतकी दया आली, की मी तिच्याजवळ सरकून बसले.

धाकटीचं म्हणणं स्पष्ट होतं. आवाज एकदम बंद झाला तर तो दुसऱ्या दिवशी दारात उभा राहील. आधी तिनं जायचं, मग ते अ‍ॅप. तिच्या कॉलेजातल्या एका मैत्रिणीनं दुसऱ्या एका गावात शाळेचं काम बघून ठेवलं होतं. कोणतं गाव, ते ती आम्हाला सांगणार नव्हती. "तुम्हाला माहीत नसेल तर तुमच्या तोंडून जाणार नाही," ती म्हणाली. मी माझ्या फोननं आईच्या फोनच्या त्या सगळ्या पडद्यांचे फोटो काढून ठेवले, पुढे पोलीस ठाण्यात दाखवायला.

ती एका सकाळी दुर्गहून गाडीत बसली. आईनं तिला घरातच निरोप दिला, तोही एक शब्द न बोलता, कारण फोन आत ओट्यावर होता. दोघी दारात एकमेकींना धरून उभ्या होत्या आणि आतून भजन ऐकू येत होतं.

मी स्टेशनवरून परत आले तेव्हा आई बोलत होती. "चहा घे नं वं. थंडा होऊन राहिला." मी दारातच थबकले. मला वाटलं, गाडी चुकली आणि ती माझ्याआधी घरी पोचली. आत गेले तर आई एकटीच. टेबलावर दोन कप. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून ती म्हणाली, "बरं, बोलू नको. घसा दुखते तर नको बोलू." आणि तिनं खुर्चीसमोरची बशी जरा खडखडवली.

माझ्या आईला खोटं बोलता येत नाही, असं आम्ही आयुष्यभर धरून चाललो होतो. चुकीची भाजी आणली तर बाबांना लगेच कळायचं. आणि आता तीच सकाळ-संध्याकाळ, न चुकता, नसलेल्या मुलीशी बोलत होती. केस मोकळे नको ठेवू म्हणायची. पंख्याखाली बस म्हणायची. मध्ये थांबायची, उत्तर ऐकल्याएवढं थांबायची, आणि मग हसायची. मी तिला साथ द्यायचं ठरवलं, पण मला दोन वाक्यांच्या पुढे जमेना. एकदा मी त्या खुर्चीवरून टॉवेल उचलायला गेले आणि वाकताना तिला बाजूला व्हायला जागा दिली. मग माझ्या लक्षात आलं, मी कुणाला जागा देतेय. त्यानंतर मी त्या बाजूनं जायचं टाळलं.

त्याचा फोन आला. आईनं मला खूण करून स्पीकर लावला.

"आई, तिचा आवाज... म्हणजे, बरी आहे ना ती?"

त्याच्या गोड आवाजात पहिल्यांदा खाच पडलेली मी ऐकली.

"घसा बसला हाय जी," आई म्हणाली. "डॉक्टरनं बोलाले मनाई केली. हे काय, बसली हाय समोरच." आणि तिनं त्या खुर्चीकडे बघून विचारलं, "सांगू का काही जवाईबापूले?" थांबली. "नाही म्हनते."

फोन ठेवल्यावर मी पाणी दिलं, ते तिनं घेतलं नाही.

आठवडा असाच गेला. मग कारखान्याच्या लँडलाइनवर माझ्यासाठी फोन आला. धाकटी होती. दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून बोलत होती. मागे मुलांचा गलका. खोली मिळाली, काम सुरू झालं, दाराला आतून कडी आहे, म्हणाली. आतून, हा शब्द तिनं दोनदा म्हटला. गाव कोणतं ते मी विचारलं नाही.

त्याच संध्याकाळी आई आणि मी फोन आणि फोटो घेऊन ठाण्यात गेलो. तक्रार लिहून झाली, फोन त्यांनी ठेवून घेतला. पुढे काय होईल ते होईल. तो एकदा येऊन गेला, फाटकापाशी उभा राहिला, समोरच्या काकूंनी आपला मोठा आवाज लावून त्याला परत पाठवलं. आईला मी बटणांचा साधा फोन आणून दिला. त्याच्यात काही टाकता येत नाही, म्हणून तिला तो आवडला.

फोन जमा केल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला निघायच्या तयारीत होते. स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. तशीच बोलत होती, मध्ये थांबत, पुन्हा बोलत. मी आत गेले. ओट्यावर भजनं नव्हती, काही नव्हतं. ती खुर्चीसमोर बसली होती.

"आई," मी म्हटलं, "आता कोनी नाही ऐकून राहिलं. आता बोलायची गरज नाही."

"मले माहीत हाय," ती म्हणाली. तिचे डोळे लाल झाले होते. "तवा त्याले ऐकवत होती. आता कोनी ऐकत नाही. आता बोलू दे मले तिच्याशी."

मी बाहेर आले आणि तिचं काही कानावर पडू नये म्हणून दार ओढून घेतलं.